चौदावा नियम

व्होरू गावात नोव्हेंबरात दिवेलागण पावणेचारला होते,
दुपारी.
या वर्षी ती रायवोने आपल्या हाती घेतली:
सव्वीस बल्ब, नऊ सेन्सर, जिन्याखाली एक पांढरी डबी.
तिचा हिरवा डोळा मिचमिचत असतो
आमच्या मांजरीसारखा, अर्धवट विश्वासाने.

सहाला उजेड मधासारखा,
सातपर्यंत निवळत दुधाचा होतो.
सॅदे रात्री उठली की न्हाणीघरापर्यंत
जमिनीलगतची पट्टी तिच्यापुढे पेटत जाते.
घर माझं बोट धरतं, ती म्हणते.
मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू.

फक्त सासरे.
हेल्दुर, वय एक्क्याऐंशी, हयात लाकडाच्या गिरणीत गेलेली.
त्यांचा हात भिंतीवरच्या बटणाकडे आपसूक जातो.
खट्.
की रायवोचं सगळं शहाणपण ठप्प.
फोनवर करड्या अक्षरांत: स्वयंपाकघर उत्तर देत नाही.
त्याने बटणावर चिकटपट्टी लावली.
सकाळी ती नीट सोलून
साखरेच्या भांड्याला चिकटवलेली.

आम्हाला वाटलं, चूक सेन्सरची.
त्याला हलणारं माणूस कळतं, बसलेलं नाही.
म्हातारा रात्री तीनला टेबलाशी बसतो, हात मांडीवर,
छताला वाटत असेल खुर्ची रिकामी आहे,
विझवत असेल दिवा.
मला ते फार लागलं.
आपल्याच घराने आपल्याला नाही म्हणावं.

मग टार्टूहून नवा सेन्सर आला.
हा श्वास ओळखतो,
गाढ झोपलेल्याचंही छातीचं वरखाली.
रायवोने तेरावा नियम लिहिला:
श्वास असेल तर उजेड असेल.
भिंतींना कान असतात म्हणतात,
आमच्या छताला काळीजही आलं.

त्या रात्री अंथरुणात आम्ही दोघं, मध्ये फोन.
स्वयंपाकघराच्या चौकोनात एक निळं टिंब.
दिवा: चालू.
खट्.
जिन्यावरून वरपर्यंत ऐकू आलं.
दिवा: उत्तर नाही.
टिंब तिथेच, श्वास घेत.

मी खाली गेले, लोकरी मोज्यांत, भिंत चाचपत.
दिवा बिघडलाय का?
"नाही. चांगला आहे," ते म्हणाले. "तेच तर."
हनुवटी खिडकीकडे.
"आत उजेड असला की काचेत मीच दिसतो.
मला मी पाहून झालोय."

मग बऱ्याच वेळाने, तुकड्यातुकड्याने:
बेकरीची रात्रपाळी. लाइने चारच्या आत उतारावरून यायची.
कोटाच्या खिशाला दोरीने लोंबणारी चकती,
इथे अंधारात सगळ्यांनाच लावावी लागते.
दुधाची गाडी मागून आली
की भूर्जांच्या मधून ती एकदा लकाकायची.
तेवढ्यावर हे उठायचे, चुलीत लाकूड सारायचे.
पाणी उकळेतो ती दारात, बाहीला पीठ.

"ती येणार नाही. मी वेडा नाही.
गाडी मात्र येते."

गाडी आली.
उजेड कुंपणावरून सरकला, पत्रपेटीवरून,
रिकाम्या उतारावरून.
माझेही डोळे काहीतरी शोधून आले.

सकाळी पाव कापताना रायवोला सांगितलं.
तो बोलला नाही. सुरी पुसली, परत पुसली.
आईचं नाव आमच्यात सहसा निघत नाही.
संध्याकाळी बराच वेळ जिन्याखाली बसला होता.
चौदावा नियम:
तीन ते चार, स्वयंपाकघरात श्वास असेल
तर एकही दिवा लागू नये.
जिन्याचा नाही, अंगणातला नाही.
साखरेच्या भांड्यावरची चिकटपट्टी काढून
हिरव्या डोळ्यावर लावली.

बटण आता कोणी दाबत नाही.

परवा मध्येच जाग आली,
शेजारची उशी गार.
फोन पाहिला. तीन वाजून एकतीस मिनिटं.
सव्वीस दिवे, सगळे बंद.
स्वयंपाकघरात दोन टिंबं.